विंचूदंशाच्या पेपरचे ३४ रेफरन्स : टेक्निकल चेकमधून परत आलेल्या यादीचा प्रकरण अभ्यास

पेपरचा विषय साधा होता. कोकणातल्या एका रुग्णालयात पाच वर्षांत आलेले लाल विंचूदंशाचे रुग्ण, त्यांना दिलेले प्राझोसिन (रक्तवाहिन्या सैल करणारे औषध) आणि प्रतिविष, आणि पुढे काय झाले याची नोंद. एमडीच्या थिसिसमधून काढलेला पेपर. थिसिसला ९६ रेफरन्स होते, पेपरमध्ये ३४ उरले. आधी तो एका परदेशी जर्नलला गेला आणि नकार घेऊन आला. मग एका भारतीय जर्नलला पाठवला, तर तिथे रिव्ह्यूअरपर्यंत पोहोचलाच नाही. टेक्निकल चेकमधूनच, म्हणजे मांडणीच्या प्राथमिक तपासणीतूनच, परत आला, चार शेऱ्यांसह.

तक्ता १ चा उल्लेख रेफरन्स ७ नंतर येतो, पण त्यातले रेफरन्स ३१ ते ३४ आहेत. रेफरन्स १९ मजकुरात कुठेही नाही. जर्नलांची नावे एनएलएमच्या (अमेरिकेची नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन) संक्षेपांप्रमाणे नाहीत. मूळ संशोधन लेखाला कमाल ३० रेफरन्स.

हे मॅन्युस्क्रिप्ट इथे नमुन्यादाखल बेतले आहे. त्यातले छापील संदर्भ मात्र खरे आहेत, आणि चुका कोणत्याही विभागात आठवड्याला एकदा तरी दिसतील अशा. प्रत्यक्ष यादी रोमन लिपीत असते. इथे ती देवनागरीत उतरवली आहे, तेव्हा अक्षरांपेक्षा विरामचिन्हांकडे आणि क्रमाकडे पाहावे.

शेरे हातात पडले की पहिला विचार येतो तो रेफरन्सच्या सॉफ्टवेअरमध्ये (झोटेरो, एंडनोट वगैरे) स्टाईल, म्हणजे मांडणीचा साचा, बदलून यादी पुन्हा काढण्याचा. या प्रकरणात तसे केले असते तर चारपैकी जेमतेम एक शेरा मिटला असता. स्टाईल फक्त आत भरलेली माहिती मांडते. आतलीच माहिती अर्धवट असेल, तर चुकीचा रेफरन्स अचूक विरामचिन्हांसह छापून येतो. म्हणून काम उलट्या क्रमाने केले. आधी प्रत्येक रेफरन्स मूळ लेखाशी ताडला, मग यादी छाटली, मग आकडे मजकुराला जोडले. स्टाईलला हात लावला तो अगदी शेवटी.

मूळ लेखाशी ताडणे

सर्वांत जास्त वेळ इथे गेला, आणि तो जायलाच हवा. एका रेफरन्सला पाचेक मिनिटे धरा; ३४ रेफरन्सना अर्धा दिवस.

यादीतला पाचवा रेफरन्स असा होता:

डॉ. बावस्कर एच. एस. अँड बावस्कर पी. एच., एफिकसी अँड सेफ्टी ऑफ स्कॉर्पियन अँटिव्हेनम प्लस प्राझोसिन, ब्रिटिश मेडिकल जर्नल, २०११, व्हॉल्यूम ३४२, पान १-७.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचा हा अभ्यास या विषयावरच्या जवळपास प्रत्येक पेपरमध्ये येतो, आणि बऱ्याचदा असाच मोडका येतो. दुरुस्तीनंतर:

बावस्कर एचएस, बावस्कर पीएच. एफिकसी अँड सेफ्टी ऑफ स्कॉर्पियन अँटिव्हेनम प्लस प्राझोसिन कंपेअर्ड विथ प्राझोसिन अलोन फॉर व्हेनमस स्कॉर्पियन (मेसोब्युथस टॅम्युलस) स्टिंग: रँडमाइज्ड ओपन लेबल क्लिनिकल ट्रायल. बीएमजे. २०११;३४२:सी७१३६.

पदवी गेली. आद्याक्षरांमधले टिंब आणि जागा गेली. ‘अँड’च्या जागी स्वल्पविराम आला आणि अर्धे शीर्षक पूर्ण झाले. वर्षानंतर अर्धविराम, खंडानंतर अपूर्णविराम (:), मध्ये कुठेही जागा नाही. पण खरी चूक शेवटी होती. या लेखाला पान क्रमांकच नाही. बीएमजे अशा लेखांना लेख क्रमांक देते, आणि तो पानांच्या जागी जातो. ‘१-७’ हे पीडीएफच्या पानांवरून घेतलेले आकडे होते, छापील अंकाशी त्यांचा काही संबंध नाही. अशा लेखाचा डीओआय (लेखाचा कायमचा डिजिटल क्रमांक) पाहिला की गोष्ट लगेच उलगडते, कारण सी७१३६ हा क्रमांक त्याच्या शेवटी जसाच्या तसा असतो.

गूगल स्कॉलरच्या ‘साईट’ बटणावरून व्हँकूव्हर साच्यातली (आकड्यांनी रेफरन्स देण्याच्या वैद्यकीय पद्धतीची) ओळ उचलली तरी सुटका होत नाही. तिथे जर्नलचे नाव सहसा पूर्ण येते, लेख क्रमांक गळतो आणि बीएमजे हे नाव पहिले अक्षर मोठे, बाकीची लहान असे छापले जाते. पबमेड या एनएलएमच्या लेखसूचीचे ‘साईट’ बटण बरेच बरे. मात्र त्याचा एनएलएम साचा सगळे लेखक देतो, शिवाय छपाईपूर्व ऑनलाइन तारीख आणि पीएमआयडीही (पबमेडचा लेख क्रमांक) जोडतो. तीही ओळ तशीच चिकटवायची नसते.

शीर्षकातल्या विंचवाच्या नावाचाही प्रश्न निघाला. मेसोब्युथस टॅम्युलस आता वर्गीकरणात हॉटेनटोटा टॅम्युलस म्हणून ओळखला जातो. सहलेखकाने रेफरन्समधले नावही ‘अद्ययावत’ केले होते. ते परत मूळ केले. आपल्या मजकुरात नवे नाव वापरावे, पण दुसऱ्याच्या शीर्षकात ते जसे छापले आहे तसेच ठेवावे. ब्रिटिश स्पेलिंगचेही तेच: आपले जर्नल अमेरिकन स्पेलिंग मागत असले तरी छापील शीर्षकातला ‘एस’ बदलून ‘झेड’ करत नाहीत. प्रजातीचे नाव मात्र शीर्षकातही इटॅलिकच राहते. झोटेरोत त्यासाठी शीर्षकाच्या रकान्यात त्या दोन शब्दांभोवती एचटीएमएलचा इटॅलिक टॅग घालावा लागतो, नाहीतर वर्डमध्ये हाताने केलेले इटॅलिक पुढच्या रिफ्रेशला उडते.

दुसरा गोंधळ लॅन्सेटचा. प्राझोसिनवरचे बावस्करांचे पत्र पबमेडवर ‘लॅन्सेट. १९८६;१(८४७९):५१०-१’ असे आहे, आणि सायन्सडायरेक्ट या प्रकाशकाच्या संकेतस्थळावर तेच खंड ३२७ मध्ये. सहलेखकाला ‘१’ ही टायपिंगची चूक वाटली. चूक नाही. त्या काळात लॅन्सेटचे दर वर्षी दोन खंड निघत आणि त्यांना १ व २ असे क्रमांक असत. सलग क्रमांक प्रकाशकाने जुन्या अंकांना नंतर दिले. छापील अंकावर जे होते ते पबमेडवर आहे, म्हणून तेच ठेवले. महत्त्वाचे हे की पेपरमधले लॅन्सेटचे सगळे जुने रेफरन्स एकाच पद्धतीचे असावेत. १९८२ चा एक खंड १ म्हणून आणि १९८६ चा खंड ३२७ म्हणून, असे मिश्रण रिव्ह्यूअरच्या डोळ्यात खुपते.

लेखकांची नावे

व्हँकूव्हर पद्धतीचे मूळ १९७८ मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात भरलेल्या वैद्यकीय संपादकांच्या बैठकीत आहे. पुढे त्याच गटाची आंतरराष्ट्रीय समिती झाली, आयसीएमजेई. व्हँकूव्हर एकच असली तरी जर्नलांच्या चालीरीती वेगळ्या. आयसीएमजेईच्या नमुन्यांत पहिले सहा लेखक आणि मग ‘एट अल.’ येते. जामाच्या (अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे जर्नल) एएमए पद्धतीत सहापर्यंत सगळे, सहाहून जास्त असतील तर पहिले तीनच. पान क्रमांकही एएमएत पूर्ण (२७५-२८०) आणि आयसीएमजेईच्या नमुन्यांत छाटलेले (२७५-८०). हा पेपर आधी एएमए चालीच्या जर्नलला गेला होता आणि यादी त्या वेळी हाताने छाटलेली होती. आता चौथ्या, पाचव्या, सहाव्या लेखकाची नावे कुठून आणायची? पुन्हा मूळ लेखातूनच. सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत नेहमी सगळे लेखक भरून ठेवायचे आणि छाटायचे काम स्टाईलवर सोपवायचे, ते यासाठी.

प्रतिविषावरचा २०१० चा भारतीय लेख अकरा लेखकांचा आहे. दुरुस्त रूप:

नातू व्हीएस, कामेरकर एसबी, गीता के, विद्या के, नातू व्ही, साने एस, एट अल. एफिकसी ऑफ अँटी-स्कॉर्पियन व्हेनम सिरम ओव्हर प्राझोसिन इन द मॅनेजमेंट ऑफ सिव्हिअर स्कॉर्पियन एन्व्हेनोमेशन. जे पोस्टग्रॅड मेड. २०१०;५६:२७५-८०.

इथे दोन मोह होतात. दोन ‘नातू’ पाहून एक खोडण्याचा, आणि ‘गीता के’ हे उलटे झाले असावे असे समजून ‘के गीता’ करण्याचा. दोन्ही टाळायचे. मराठी नावात आडनाव शेवटी असते म्हणून आपल्याला नियम सोपा वाटतो. दक्षिणेकडच्या अनेक नावांत आद्याक्षर गावाचे किंवा वडिलांचे असते आणि आडनाव असा प्रकारच नसतो. तिथे तर्क लढवू नये. लेख ज्या नावाने अनुक्रमित झाला आहे तेच नाव ठेवावे, कारण वाचक शोधणार तेही त्याच नावाने.

संस्थेची नावे सॉफ्टवेअर हमखास बिघडवते. यादीत ‘ऑर्गनायझेशन डब्ल्यूएच’ नावाचे एक लेखक होते. म्हणजे वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशन! आडनाव आणि नाव अशा दोन रकान्यांत संस्थेचे नाव भरले की शेवटचा शब्द आडनाव ठरतो. झोटेरोत नावाच्या रकान्याशेजारच्या छोट्या बटणाने एकच रकाना करता येतो. अ‍ॅरिझोनातल्या मुलांवरच्या २००९ च्या एनईजेएम (न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन) लेखातही हेच झाले होते. पबमेडवर त्याच्या चौथ्या लेखकानंतर ‘अ‍ॅरिझोना एन्व्हेनोमेशन इन्व्हेस्टिगेटर्स’ हा गट येतो. यादीत त्याचा ‘इन्व्हेस्टिगेटर्स एई’ झाला होता.

वाक्य जे म्हणते ते रेफरन्समध्ये आहे का?

टेक्निकल चेकमध्ये हा शेरा कधीच येत नाही. तो रिव्ह्यूअर देतो, आणि तोवर उशीर झालेला असतो.

मॅन्युस्क्रिप्टमध्ये एक वाक्य होते: प्रतिविषामुळे मृत्युदर कमी होतो, आणि पुढे बीएमजेचा रेफरन्स. त्या चाचणीत ७० रुग्ण होते, प्रत्येक गटात ३५. मुख्य निकष होता औषध दिल्यापासून १० तासांत लक्षणे पूर्ण ओसरणे. प्रतिविष आणि प्राझोसिन मिळालेल्यांत हे ३२ जणांत घडले, नुसत्या प्राझोसिनच्या गटात ८ जणांत. मृत्युदर हा त्या चाचणीचा मुख्य निकष नव्हताच. वाक्य बदलून ‘लक्षणे लवकर ओसरतात’ असे केले. दावा लहान झाला, पण टिकणारा झाला.

एनईजेएमचा लेखही असाच चुकीच्या ठिकाणी लागला होता. तो अभ्यास १५ मुलांचा, आणि तिथला विंचू वेगळा. त्याच्या विषाचा परिणाम मज्जासंस्थेवर दिसतो: डोळे फिरणे, हातपाय झटकणे, श्वास अडणे. आपल्याकडच्या लाल विंचवाने घाम, थंड पडलेले हातपाय, रक्तदाबातले चढउतार आणि फुप्फुसात पाणी होते. ‘प्रतिविष भारतातही प्रभावी’ या वाक्याला तो लेख आधार देऊ शकत नाही. चर्चेत तुलना म्हणून ठेवला, आधार म्हणून काढला.

न वाचता दिलेला रेफरन्स किती दूर जाऊ शकतो याचे उदाहरण एनईजेएममध्येच आहे. १९८० मध्ये तिथे एका परिच्छेदाचे पत्र आले: रुग्णालयात मादक वेदनाशामके दिलेल्या रुग्णांत व्यसन क्वचित दिसते. २०१७ मध्ये त्याच जर्नलमध्ये त्याच्या उल्लेखांचा हिशेब मांडला गेला. ६०८ उल्लेखांपैकी ७२.२ टक्क्यांनी ते ‘व्यसन क्वचित जडते’ याचा पुरावा म्हणून वापरले होते. ती नोंद भरती रुग्णांपुरती आहे, घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांविषयी ती काही सांगत नाही, हे मूळ पाच वाक्ये वाचली असती तरी कळले असते.

दुसऱ्याच्या यादीतून रेफरन्स उचलण्याचा धोका याहून विचित्रही असतो. एल्सव्हिअरच्या लेखक-सूचनांत नमुना म्हणून दिलेला, ‘जर्नल ऑफ सायंटिफिक कम्युनिकेशन्स’मधला २००० सालचा म्हणून दाखवलेला लेख अस्तित्वातच नव्हता, तरी पुढे शेकडो ठिकाणी खरा म्हणून उद्धृत झाला. आता चॅटबॉटकडून यादी बनवून घेणाऱ्यांच्या पेपरमध्ये असे लेख नव्याने दिसू लागले आहेत. लेखक खरे, जर्नल खरे, वर्ष शक्य कोटीतले आणि लेख मात्र नाही. तपासायला दोन साधने पुरतात: पबमेडचा ‘सिंगल सायटेशन मॅचर’, ज्यात जर्नल, वर्ष, खंड आणि पहिले पान टाकले की एकच लेख निघायला हवा, आणि डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफचा ‘सिंपल टेक्स्ट क्वेरी’, ज्यात अख्खी यादी चिकटवली की प्रत्येकाचा डीओआय मिळतो. न मिळालेल्यांकडे वळून पाहायचे. मात्र डीओआय नाही म्हणजे लेख खोटा, असे नाही. जुन्या भारतीय अंकांना तो नसणे नेहमीचे आहे.

मागे घेतलेले लेखही याच फेरीत शोधले. रिट्रॅक्शन वॉच या गटाची अशा लेखांची नोंद क्रॉसरेफने २०२३ मध्ये घेऊन खुली केली आणि झोटेरो तिच्यावरूनच लाल पट्टी दाखवते. या यादीत तसा एकही निघाला नाही.

३४ वरून ३०

छाटणी सोपी गेली. ६ आणि १७ हे एकच होते, एक पबमेडवरून आयात केलेला आणि एक स्कॉलरवरून. झोटेरोच्या ‘डुप्लिकेट आयटम्स’मध्ये दोन्ही ‘मर्ज’ करायचे, एक डिलीट करायचा नाही. मर्ज केले की वर्डमधली जोडणी टिकते. डिलीट केले की ती नोंद लायब्ररीपासून तुटते, आणि मग दुरुस्ती लायब्ररीत होते पण पेपरमध्ये दिसत नाही. एकोणिसावा आपोआप गेला. पाठ्यपुस्तकातले एक प्रकरण गेले, कारण त्यातला मुद्दा २०१२ च्या आढावा लेखातही होता. एका ऑनलाइन जर्नलचा लेख ना पबमेडवर ना क्रॉसरेफवर, आणि संपादक मंडळाचाही पत्ता नाही; तोही काढला. असल्या बनावट जर्नलांतले लेख उद्धृत करू नयेत असे आयसीएमजेईच्या शिफारशींतही आहे.

स्थानिक प्रथमोपचारांविषयीची एक मराठी पुस्तिका ठेवली. मराठी शीर्षक रोमन लिपीत लिहून, पुढे चौकटी कंसात इंग्रजी अनुवाद, आणि नोंदीच्या शेवटी भाषेचे नाव. इंग्रजी नाही म्हणून रेफरन्स काढायचे कारण नाही.

आकडे का विस्कटले

पहिले दोन शेरे आकड्यांचे. आधी दुसरा. परदेशी जर्नलला पाठवताना फाईलमधल्या सायटेशन (मजकुरातले रेफरन्सचे आकडे) साध्या मजकुरात बदलल्या गेल्या आणि जिवंत, म्हणजे सॉफ्टवेअरशी जोडलेल्या, फाईलची प्रत ठेवली नाही. नकारानंतर त्याच गोठलेल्या फाईलमध्ये चर्चेचा एक परिच्छेद कापला. त्यात १९ होता. परिच्छेद गेला, यादीतली ओळ राहिली.

तक्त्याची गोष्ट जास्त बारीक आहे. तक्ते रेफरन्सनंतर, फाईलच्या शेवटी ठेवा असे बहुतेक जर्नल सांगतात. सॉफ्टवेअर मात्र आकडे देते ते फाईलमधल्या जागेनुसार. त्यामुळे फक्त तक्त्यात येणाऱ्या लेखांना सगळ्यांत शेवटचे आकडे मिळाले. आयसीएमजेईचा नियम असा की फक्त तक्त्यात किंवा आकृतीच्या ओळींत येणारे रेफरन्स, त्या तक्त्याचा मजकुरात पहिला उल्लेख जिथे येतो तिथल्या क्रमाने मोजायचे. म्हणजे इथे ८ ते ११.

उपाय असा. तक्ता तात्पुरता उचलून पहिला उल्लेख असलेल्या परिच्छेदाखाली ठेवला. सगळ्या सायटेशन नव्याने घातल्या, रिफ्रेश केले, आकडे नीट लागले. मग फाईलची प्रत काढली, त्या प्रतीत ‘अनलिंक सायटेशन्स’ केले, म्हणजे आकडे साध्या मजकुरात बदलले, आणि त्यानंतरच तक्ता शेवटी हलवला. जिवंत फाईल वेगळ्या नावाने जपून ठेवली. एंडनोट साध्या मजकुराची नवी फाईल स्वतः काढते, झोटेरो उघडलेल्या फाईलमध्येच बदल करते, हा फरक लक्षात ठेवावा.

हाताने टाइप केलेले आकडे कुठे लपले आहेत ते पाहायला वर्डच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पर्यायांत ‘फील्ड शेडिंग’ ‘ऑलवेज’ करावे. जिवंत सायटेशन राखाडी दिसतात. ज्या आकड्यामागे राखाडी नाही तो थिसिसमधून आलेला मृत आकडा.

शेवटी स्टाईल

या जर्नलला आकडा चौकटी कंसात, वर चढवलेला आणि विरामचिन्हानंतर हवा होता, आधी जागा न सोडता. सलग आकडे ३-५ असे, सुटे ३,५ असे. संख्येला चिकटून सायटेशन येत असेल तर वाक्य फिरवून ते लेखकाच्या नावामागे किंवा वाक्याच्या शेवटी नेले.

जर्नलांची नावे एनएलएम कॅटलॉगमधून घेतली. ‘जेएपीआय’ असे आपण रोज म्हणतो, यादीत ते ‘जे असोक फिजिशियन्स इंडिया’ होते. नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडियाचे ‘नॅटल मेड जे इंडिया’. चेस्ट, थोरॅक्स, लॅन्सेट अशी एका शब्दाची नावे छाटत नाहीत. संक्षेपातल्या शब्दांमागे टिंब नाही, पूर्ण नाव संपल्यावर एकच. झोटेरोच्या ‘डॉक्युमेंट प्रेफरन्सेस’मध्ये मेडलाइन (म्हणजे एनएलएमचेच) संक्षेप वापरण्याचा चौकोन असतो. त्यात खूण केली असती तर तिसरा शेरा मुळात आलाच नसता.

पेपर दुसऱ्यांदा चेकमधून पार झाला. प्रूफ आल्यावर एका सहलेखकाला नवा लेख घालायचा होता, चौथ्या परिच्छेदात. तो घातला असता तर ९ पासून पुढचे सगळे आकडे, तक्त्यातलेसुद्धा, छापखान्याच्या माणसाला हाताने बदलावे लागले असते आणि जिवंत फाईलचा तिथे काही उपयोग नव्हता. प्रूफमध्ये ‘इन प्रेस’ (स्वीकारलेला, पण तेव्हा न छापलेला) असलेल्या एका लेखाचा खंड आणि पाने तेवढी भरली, बाकी काही हलवले नाही.